मागं कुणी नाय

आधीच सांगून ठेवतो, या सदरातले अनुभव मी फक्त करमणुकीसाठी वाचतो. मोठ्यानं वाचून बायकोला ऐकवतो आणि आम्ही दोघं हसतो. सगळी नोकरी कंपनीत क्वालिटीला काढली. व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय पार्ट पास करायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. नवस नाही, अंगारा नाही. पहिली गाडी मुद्दाम अमावस्येला घेतली होती, तिला कधी ओरखडासुद्धा आला नाही. तरीही हे लिहितोय... कारण ही एक गोष्ट कुठल्याच मापात बसत नाही. मिलिंदला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, "लिही. गावाचं नाव तेवढं टाकू नको." म्हणून टाकत नाही. पिशोरच्या पुढं, कन्नड तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच्या लगेच आधीचा डिसेंबर. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. वाळूजकडं रोज नवी शेड उभी राहत होती आणि आमच्यासारखी खेड्यातली पोरं आयटीआय करून तिथं चिकटत होती. आम्ही तिघं एकाच कंपनीत. मी भगवान, धनगराच्या घरातला. वडील मेंढरं राखायचे. मिलिंद माझ्याच गावचा, आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला त्यांचा बौद्धवाडा होता. आणि विलास, वैजापूरकडचा, बऱ्यापैकी जमीनदार घरातला. घरी ऊस, विहीर सगळं असून हा इथं लेथवर उभा राहायचा, म्हणून आम्ही त्याला "पाटील, आज शेतावर नाय का गेले?" असं छेडायचो. त्या दिवसांत कँटीनमधली टेबलं हळूहळू वेगळी व्हायला लागली होती. कोण कुणाबरोबर डबा खातो, याकडं लोक बघायचे. आमचे डबे मात्र एकाच टेबलावर उघडायचे, आणि त्याचा आम्हाला थोडा माजही होता.

नाताळाच्या आठवड्यात कंपनी मशिनरीच्या कामासाठी बंद ठेवली. भरपगारी सुट्टी! थंडी अशी की तोंडातून वाफ निघायची. आम्ही शहर नुसतं पालथं घातलं. औरंगपुऱ्यात फुटपाथवर बसलेल्या तिबेटी बायकांकडून तिघांनी एकसारखे मरून रंगाचे स्वेटर घेतले, विलासनं भाव करता करता एकीला रडवायचंच बाकी ठेवलं होतं. छावणीतल्या चर्चची रोषणाई बघितली. पिक्चर बघितले. शहागंजच्या बाजूला नान-खलिया हाणला. विलासच्या स्कूटरवर ट्रिपल सीट, मधे मी, कारण मी सगळ्यात बारीक. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या असायच्या. नामांतराचा निर्णय आता होणार, उद्या होणार अशी हवा होती. पण आम्ही तिकडं बघायचंच नाही असं ठरवलेलं. विशीतली पोरं, खिशात बोनस... आम्हाला सुट्टी हवी होती, बस.

एका दुपारी विलास म्हणाला, "लेण्यांवर जाऊ. वरून शहर बघू." बीबी-का-मकबऱ्याच्या मागं डोंगरात लेणी आहेत, ठाऊक असेल तुम्हाला. पायथ्याला पोलिसानं हटकलं, "किधर?" मिलिंदनं लगेच ओळखपत्र काढलं. त्या दिवसांत तो ते कायम वरच्या खिशात ठेवायचा. आम्ही दोघं नाही ठेवायचो, हे माझ्या खूप नंतर लक्षात आलं.

वर गेलो. पेरू आणि फुटाणे खाल्ले. खाली मकबरा, त्याच्या अलीकडं विद्यापीठाची झाडं, लांब धुरकट एमआयडीसी. दिवस कलायला लागला होता, आणि विलासला खोड्या सुचायला लागल्या.

"भगवान, तुमच्यात मेंढरं बोलवायची हाळी असते ना? काढ की एकदा. बघू डोंगर काय म्हणतो ते."

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. रानातून कळप परत आणताना पुढं एक माणूस असतो आणि मागं एक. मागचा माणूस रेंगाळलेलं, लंगडं, व्यालेलं जनावर घेऊन येतो. दिवस मावळताना, वळणावर किंवा ओढ्यापाशी, पुढचा थांबून हाळी देतो : "हाएत का समदीऽऽ?" आणि मागून उत्तर यावं लागतं : "मागं कुणी नाऽऽय!" उत्तर आल्याशिवाय पुढच्यानं पाऊल उचलायचं नाही. आणि उत्तर आलं तरी मागचा माणूस नजरेला पडेस्तोवर हलायचं नाही. आमच्या घरातला हा नियम होता, तो मोडलेला मी कधी बघितला नव्हता. उगीच गंमत म्हणून ही हाळी द्यायची नाही, हेही बा सांगायचा. बा म्हणजे माझे वडील.

आमच्या कळपाच्या मागं कायम एकच माणूस चालायचा. कचरूमामा, मिलिंदचा बाप. त्याच्या चार शेळ्या आमच्या मेंढरांबरोबर चरायला असायच्या, आणि त्याबदल्यात तो मागं चालायचा. तंबाखूनं घसा खरखरीत झालेला. "मागं" म्हणताना आवाज वर चढवायचा आणि "नाय" असा खाली टाकायचा की डोक्यावरचा भारा उतरवून ठेवल्यासारखं वाटावं. लहानपणी रोज तिन्हीसांजेला मी तो आवाज ऐकलाय.

नामांतराच्या पहिल्या दंगलीत आमच्या गावातला बौद्धवाडा जाळला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दिवस मावळतीची वेळ होती, बा मेंढरं घेऊन ओढ्याला होता. कचरूमामानं वाड्यातली बायापोरं मक्यातून एकेक करून ओढ्याकडं पाठवली, कारण मेंढरांच्या गर्दीत माणसं शोधायला कुणी येणार नव्हतं. मिलिंद आणि त्याची आई गयामावशी त्यांतच होते. शेवटी बानं हाळी दिली. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली... नाही आलं. तिकडून आरडाओरडा जवळ यायला लागला आणि बा सगळ्यांना घेऊन निघाला.

कचरूमामा सापडला नाही. राखेत नाही, विहिरीत नाही, दवाखान्यात नाही. आणि मग गाव बोलायला लागलं. कुणी म्हणे मनमाडला स्टेशनवर दिसला. कुणी म्हणे सुरतेला दुसरी बाई ठेवलीय. बायकापोरं टाकून पळाला म्हणे. ज्यांनी वाडा जाळला तेही हेच बोलायचे, आणि जास्त आवडीनं बोलायचे. गयामावशी पोराला घेऊन शहरात आली, कुणाकुणाची धुणीभांडी करून त्याला शिकवलं. पण हातातली काकणं तिनं उतरवली नाहीत. मेला म्हणावं तर मढं नाही आणि पळाला म्हणावं तर तिचा विश्वास बसेना. मिलिंदचा मात्र बसला होता. बापाचा विषय निघाला की तो उठून जायचा.

हे सगळं माहीत असून मी हाळी दिली. डोक्यात आलंच नाही, खरं सांगतो. सुट्टीचा दिवस, मित्र म्हणतोय... लेण्यांच्या पायरीवर उभा राहिलो, हातांचा भोंगा केला आणि बासारखा आवाज काढला : "हाएत का समदीऽऽ?"

डोंगरानं ते "दीऽऽ" परत दिलं. विलास टाळ्या वाजवून हसला. मी पण हसलो.

मग खालच्या घळीतून उत्तर आलं.

"मागं कुणी नाऽऽय!"

"मागं" वर चढलेलं, "नाय" खाली टाकलेलं. खरखरीत घसा.

मिलिंदकडं बघितलं तर त्याच्या हातातला पेरू तसाच तोंडापाशी राहिला होता. तो एकदम घळीकडं धावत सुटला. दगडांवरून घसरत, काटेरी झुडपांत शिरत. "दादाऽऽ, ओ दादाऽऽ!" ज्या बापाचं नाव तो तोंडावर येऊ द्यायचा नाही, त्याला हाका मारत होता.

विलास मला म्हणाला, "अरे कोण ओरडलं? कुणी गुराखी आहे का?" म्हणजे आवाज त्यालाही आला होता. शब्द कळले नव्हते, पण आवाज आला होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी स्वतःलाच खूपदा सांगून बघितलंय की तो आमच्या मनाचा खेळ असेल.

आम्ही दोघंही खाली उतरलो. घळीत कुणी नव्हतं. शेळी नाही, लेंडी नाही, विझलेली बिडी नाही. झुडपं आणि दगड. मिलिंदचा नवा स्वेटर काट्यांनी फाटला होता. तो म्हणत होता, "थांबा ना यार. थोडं थांबा. तो येऊ राह्यला असंल." तेवढ्यात वरून लेण्यांचा रखवालदार शिट्टी वाजवत आला. "चलो, बंद हो गया! माहौल खराब है, मालूम नै क्या? उतरो!" मिलिंद ऐकेना. विलासनं त्याला दंडाला धरून ओढत खाली आणलं. रस्त्याला लागेपर्यंत तो मागं वळून वळून बघत होता.

गारखेड्याला मिलिंदच्या खोलीवर आलो तेव्हा गयामावशी भाकरी थापत होती. विलासनं मला डोळ्यांनीच खुणावलं, सांगू नको. पण मिलिंद उंबऱ्यातच बसला आणि म्हणाला, "माय, दादाचा आवाज आला."

तिचा हात परातीत थांबला. मिलिंदनं सगळं सांगितलं. हाळी, घळ, उत्तर. तिनं तव्यावरची भाकरी उतरवून ठेवली. मग म्हणाली, "कसं म्हणला? म्हणून दाखीव."

मिलिंदनं म्हणून दाखवलं.

"तसं नाय." तिनं पिठाचे हात पुसले, मान थोडी वर केली आणि स्वतः म्हटलं. हळूच, घरातल्या घरात. पण अगदी तसंच... वर चढलेलं आणि खाली टाकलेलं. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या.

"म्हंजी तो मागंच व्हता," ती म्हणाली. "समद्यास्नी काढून दिल्याबिगर तो निघाला नाय. आन् ह्ये लोक म्हंत्यात पळाला."

तिनं काकणं फोडली नाहीत. एकेक करून उतरवली, साबण न लावता, हात लाल होईपर्यंत, आणि खिडकीत ठेवली. मिलिंद तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. चांगला मिशा असलेला पोरगा, लहान लेकरासारखा रडला. मी आणि विलास बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मला वाईट वाटत होतं आणि खरं सांगू का, थोडं बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांनी त्या माणसावरचा डाग पुसला गेला, आणि तो माझ्या हाळीनं पुसला गेला, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशीच उतरलं. सकाळच्या एसटीनं मी गावी गेलो. बा दारापुढं उन्हाला बसला होता, अंगावर घोंगडी. दंगलीनंतर बानं कळपाच्या पुढं चालणं सोडलं होतं. घसा बसलाय, हाळी निघत नाही, असं सांगायचा. पुढं मेंढरंच विकून टाकली. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तोही गयामावशीसारखा सुटेल.

त्यानं फक्त विचारलं, "मंग? दिसला का?"

"नाय ना. रखवालदार आला, शिट्टी मारायला लागला. उतरलो आम्ही."

"थांबला नाय तू?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"जबाब दिला त्यानं, आन् तू थांबला नाय?"

"बा, तिथं कुणी नव्हतं रे. आम्ही बघितलं की."

बानं अंगावरची घोंगडी काढली. मग म्हणाला, "मी बी थांबलो नव्हतो. दोनदा झालं त्या माणसाचं." आणि उठला. पटका बांधला, घोंगडी खांद्यावर टाकली. "चल," म्हणाला.

त्या दिवशी मला बाचा राग आला होता. म्हातारं माणूस, थंडीचे दिवस, शहरात तणाव... आणि मेलेल्या माणसासाठी डोंगर चढायचा? पण बाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

उतरत्या दुपारी आम्ही चौघं लेण्यांच्या पायऱ्या चढलो. बा, गयामावशी, मिलिंद आणि मी. ही आमच्या दोन घरांची गोष्ट होती, म्हणून विलासला मुद्दामच बोलावलं नाही. गाव सुटल्यापासून बा आणि गयामावशी एकमेकांसमोर आले नव्हते. खाली रिक्षातून उतरल्यावर बानं तिच्या मोकळ्या हातांकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

"गया, मी थांबायला पायजे व्हतं."

"लेकरं व्हती तुमच्याजवळ, भाऊ. माजं लेकरू त्यातच व्हतं," ती म्हणाली.

रखवालदार तोच होता. मिलिंदनं त्याच्या हातापाया पडून थोडा वेळ मागितला. बाकडं पायऱ्यांजवळ होतं, पण बा बसला नाही. सूर्य टेकला तेव्हा त्यानं तोंडाला हात लावला आणि हाळी दिली. आवाज फाटलेला, निम्मा हवेत विरलेला. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. मी घळीकडं टक लावून बघत होतो, तिथं एक पक्षीसुद्धा हलत नव्हता.

"मी हलत नाय," बा म्हणाला. खाली शहरात दिवे लागले. वारा झोंबायला लागला. शेवटी गयामावशीच म्हणाली, "चला भाऊ. आजारी पडाल." रखवालदारही आता पाय आपटत होता.

उतरायला लागलो. बा पुढं, त्याच्या मागं मी, मग मिलिंद. गयामावशीला मिलिंद हात द्यायला गेला तर ती म्हणाली, "तुम्ही व्हा म्होरं. मी येते मागून."

पायऱ्या जिथं वळतात तिथं बा थांबला. सवयीनं थांबला असेल. त्यानं मान वळवली नाही. हळूच, जवळजवळ स्वतःशीच, विचारलं, "हाएत का समदी?"

उत्तर मागच्या माणसानं द्यायचं असतं, म्हणजे गयामावशीनं. मी वाट बघितली. ती बोलेना.

मग ती म्हणाली, "हाए एकजन. येतंय. थांबा."

तिचा आवाज अगदी साधा होता. गल्लीत भाजीवाल्याला थांबवताना असतो तसा. बा थांबला. आम्ही सगळे थांबलो. मिलिंद माझ्या मागच्याच पायरीवर होता, त्याचे दात वाजत असलेले मला ऐकू येत होते. कुणी मागं बघितलं नाही. का बघितलं नाही ते सांगता येत नाही, भीती होती पण नुसती भीती नव्हती. वारा पडला होता. बराच वेळ गेला... आणि मग तंबाखूचा वास आला. आमच्यात तंबाखू खाणारं कुणीच नव्हतं. बानं घोंगडीचं टोक तोंडाला लावलं, त्याचे खांदे हलत होते.

"आला," गयामावशी म्हणाली. "चला आता."

आणि आम्ही उतरलो.

पुढं काही आठवड्यांत नामांतर झालं. गयामावशी मिलिंदबरोबर विद्यापीठाच्या गेटवरचं नवं नाव बघायला गेली होती, तिथून येताना माझ्यासाठी पेढे घेऊन आली. बानं त्या वर्षी पुन्हा चार मेंढरं घेतली आणि पुढं बरीच वर्षं तिन्हीसांजेला त्याची हाळी गावाला ऐकू येत राहिली. घसा बसल्याचं त्यानं परत कधी सांगितलं नाही. आज तो नाही, गयामावशीही नाही. तिनं त्या पायऱ्यांवर काय बघितलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मिलिंदनं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "दमला व्हता रे लई," आणि कामाला लागली होती.

घळीतला आवाज कुणा वाटसरूचा असेल. तंबाखूचा वास रखवालदाराचा असेल, तो वरच्या अंगाला होताच. गयामावशीचं मन असेल. हे सगळं मी लावून बघितलंय आणि दर वेळी काहीतरी कमी पडतं. मी अजूनही या सदरातले अनुभव बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही अजूनही हसतो. पण चार माणसांबरोबर कुठं जाताना मी वळणावर थांबतो, शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलत नाही. नातवंडं वैतागतात, "आबा, चला ना, आहेत सगळे!" मी म्हणतो, असतील. तरी थांबू.